साडूच्या गाडीतली डुलकी

मी माझ्या साडूला हरवलं. घाटात हरवलं, सपाटीवर हरवलं आणि पेट्रोलच्या थेंबाथेंबात हरवलं. गाडी त्याची नि माझी एकच, रंगसुद्धा एकच, तरी मी त्याच्या आधी पोचलो आणि त्याच्यापेक्षा कमी पेट्रोल जाळून पोचलो. साक्षीदार आहेत. त्यातली एक माझी सासू आहे, म्हणजे पुरावा भक्कम आहे.

आता हे घडलंच नाही असं समजू. मीसुद्धा तसंच समजतो. या विजयाने माझ्या आयुष्यात तसूभरही फरक पडलेला नाही, आणि ज्या विजयाने फरक पडत नाही तो झाला काय नि न झाला काय. तेव्हा मी अजून हरतोच आहे, साडू अजून जिंकतोच आहे, आणि रविवारची सकाळ आहे.

मी गाड्यांच्या कारखान्यात इंजिनिअर आहे. गाडीतलं नेमकं काय करतोस असं कुणी विचारलं की मी खोकतो, कारण खरं उत्तर ‘ॲक्सिलरेटर’ एवढंच आहे. स्टीअरिंगवाले वेगळे, ब्रेकवाले वेगळे, सीटवाले तर वेगळ्याच इमारतीत बसतात, आणि तिथे स्वतः अत्यंत वाईट खुर्च्यांवर बसतात. माझ्या वाट्याला आली आहे एक रेघ. पायाने पेडल किती दाबलं की इंजिनाने किती जोर लावायचा, हे ठरवणारी संगणकातली रेघ. ती उभी चढवली की नुसता बूट टेकवला तरी गाडी उसळते. गिऱ्हाईक खूश, पेट्रोलपंपवाला त्याहून खूश. रेघ आडवी पाडली की गाडी विचार करून निघते, गिऱ्हाईक चिडून पेडल तळापर्यंत दाबतं, पेट्रोल जायचं तेवढं जातंच आणि वर आम्हाला शिव्या. म्हणजे रेघ कशीही काढा, शेवटी सगळं पायावर असतं. ही गोष्ट आमच्या खात्यात सगळ्यांना माहीत आहे आणि मीटिंगमध्ये कुणी काढत नाही, कारण मग आम्ही इतकी माणसं तिथे काय करतो असा प्रश्न निघेल.

आमच्या त्या छोट्या गाडीचं कारखान्यातलं लाडकं नाव खारूताई. बसकी, रुंद चाकांची, मागच्या काचेवर छोटं पंखासारखं टोपरं, आणि चिमुकल्या इंजिनाला टर्बो. तरुणांनी घ्यावी म्हणून ती पळाली पाहिजे, आणि घेतल्यावर त्यांना विकायची पाळी येऊ नये म्हणून कमी प्यायली पाहिजे. आमच्या खात्याच्या मॅडम दर सोमवारी फळ्यासमोर उभ्या राहून सांगतात, “धावली पाहिजे, आणि पिता कामा नये.”

लोक जावयाकडून ठेवतात तीच अपेक्षा. फक्त जावयाला टर्बो नसतो.

जावयांचा विषय निघालाच आहे तर सांगतो. सासऱ्यांना दोन जावई. धाकटा मी. थोरला म्हणजे माझ्या बायकोच्या ताईचा नवरा, दातांचा डॉक्टर. त्याला घरात सगळे नुसतं ‘डॉक्टर’ म्हणतात. मला ‘इंजिनिअर’ म्हणणारा एकटा तोच, आणि तोही प्रेमाने म्हणतो, हे जास्त लागतं. माणूस वाईट असता तर माझं निम्मं काम झालं असतं. पण तो गोड बोलतो, मुलांची दप्तरं उचलतो, सासूबाईंना न विचारता भांडी पुसतो. केस दाट. खारूताई त्याने माझ्या सांगण्यावरून घेतली. “तू बनवतोस ना? मग डोळे झाकून घेतो,” म्हणाला. मी त्याच्यासाठी रंग निवडायला शोरूममध्येसुद्धा गेलो होतो. स्वतःच्या पायावर धोंडा असा चारचौघांत, हसत, फोटो काढत पाडून घेतला.

सासऱ्यांनी आयुष्यभर ड्रायव्हिंग स्कूल चालवलं. शिकवायच्या गाडीत दोन ब्रेक असतात, एक शिकणाऱ्याकडे आणि एक शेजारी बसणाऱ्या मास्तरांकडे. अर्ध्या गावाचा जीव सासऱ्यांच्या त्या दुसऱ्या ब्रेकने वाचला आहे. स्कूल बंद झालं, गाडी विकली गेली, पण पायाला कुणी कळवलंच नाही. अजूनही ते कुणाच्याही शेजारच्या सीटवर बसले की पुढे काही आलं रे आलं की त्यांचा पाय खालचा मॅट दाबतो. तिथे ब्रेक नाही. पायाला ते मान्य नाही.

माझ्या गाडीत त्या बाजूचा मॅट झिजून भोक पडलं होतं. नवीन आणला, त्यालाही पडलं.

आणि डॉक्टरच्या गाडीत? डॉक्टरच्या गाडीत सासरे झोपतात.

नुसते डोळे मिटत नाहीत. चपला काढतात, पाय पसरतात, मान खिडकीकडे कलते, तोंड किंचित उघडतं. त्या माणसाने हजारो नवशिक्यांच्या शेजारी बसून एकदाही पापणी लववली नव्हती. तो माणूस माझ्या साडूच्या शेजारी लहान मुलासारखा झोपतो. मला पगारवाढ नको, परदेशी ट्रेनिंग नको. मला एवढंच हवं होतं की सासऱ्यांनी एकदा, फक्त एकदा, माझ्या गाडीत झोपावं.

सासूबाईंची बहीण, म्हणजे आमची मावशी, घाटापलीकडच्या गावात राहते. तिच्या कमरेचं ऑपरेशन झाल्यापासून दर रविवारी आमची वरात तिकडे. एका खारूताईत मावत नाही म्हणून दोन गाड्या. त्या रविवारी सासरे डॉक्टरच्या गाडीत बसले आणि मी ठरवलं, आज दाखवायचंच.

घाट चढायला लागलो. मी वळणावर जोरात शिरायचो, कचकन ब्रेक, मग पुन्हा पेडल तळाला. टर्बो शिट्टी मारत होता. कानाला असं वाटत होतं की आपण फार वेगात आहोत. मागच्या सीटवर सासूबाई छताचं हँडल धरून होत्या आणि बायको मला म्हणाली, “तू रागावलायस का गाडीवर?”

“ही स्पोर्टी गाडी आहे. अशीच चालवायची असते.”

“आईच्या तोंडाकडे बघ एकदा. ते स्पोर्टी दिसत नाहीये.”

इतक्यात आरशात डॉक्टरची गाडी दिसली. मग ती शेजारी आली. मग पुढे गेली. आवाज नाही, घाई नाही, ब्रेकचे लाल दिवे लागले नाहीत. तूप घसरावं तशी ती वळणं घेत गेली. आणि जाताना खिडकीच्या काचेला टेकलेलं सासऱ्यांचं डोकं मला दिसलं. तोंड किंचित उघडं.

मावशीच्या दारात पोचलो तर डॉक्टर गाडीला टेकून मुलांना संत्रं सोलून देत होता.

“आलास? छान पळते रे ही गाडी,” तो म्हणाला. “आणि पितेही कमीच. लिटरला एकवीस दाखवतेय. तुझी किती देते?”

माझी तेरा देत होती. “साधारण तेवढंच,” मी म्हणालो.

“तेरा,” बायको म्हणाली. लग्नाला दोन वर्षं झाली की बायका असे आकडे चारचौघांत सांगायला लागतात.

सासरे गाडीतून उतरले, चपला शोधत होते. “पोचलो का?” त्यांनी डोळे चोळत विचारलं. आयुष्यात मला इतकं अपमानास्पद कुणी काही बोललेलं नाही.

मत्सर हा शब्द मी तोपर्यंत फक्त शाळेच्या पुस्तकात वाचला होता. प्रत्यक्षात तो जरा खाली, पोटाच्या डाव्या बाजूला असतो आणि जेवताना जास्त जाणवतो. त्या रात्रीपासून मी साडूच्या उजव्या पायाचा विचार करायला लागलो. नवऱ्याने सतत दुसऱ्याच्या पायाचा विचार करावा हे संसाराला बरं नव्हे, पण बायकोला वाटलं कामाचं टेन्शन आहे.

पहिला संशय गाडीवर आला. मला वाटलं, त्याला चुकून चांगली गाडी मिळाली आणि मला उरलेली. “फ्री चेकअप करून देतो,” म्हणून मी डॉक्टरच्या गाडीत आठवडाभर नोंद घेणारी डबी लावली. ती ऑफिसात संगणकाला जोडली आणि पडद्यावर पेडलची नोंद उमटली. माझ्या पायाची नोंद कशी दिसते मला माहीत होतं. तुटक्या कंगव्यासारखी. ही नोंद मात्र झोपलेल्या टेकड्यांसारखी होती. चढ, माथा, उतार. चढताना पेडल भरपूर दाबलेलं, अगदी निःसंकोच. पण एकदा मिळवलेला वेग ब्रेकने मारून टाकलेला कुठे नाही.

मॅडम मागे येऊन कधी उभ्या राहिल्या कळलं नाही.

“हा पाय कोणाचा?” त्यांनी विचारलं. त्यांचा आवाज मऊ झाला होता. मॅडमचा आवाज त्याआधी फक्त कँटीन सुधारलं त्या दिवशी मऊ झाला होता.

“कुणाचा नाही मॅडम. सेन्सर खराब आहे बहुतेक.”

“सेन्सर खराब असेल तर असेच खराब करून घ्या सगळे. जोरही आहे, बचतही आहे. अरे, आपण दोन वर्षं रेघ रेघ करतोय, आणि हे बघा. कोण आहे हा?”

“दातांचा डॉक्टर आहे एक.”

“बोलवा त्याला.”

“त्याला वेळ नसतो मॅडम,” मी म्हणालो. खरं तर त्याला वेळ असतो. भांडी पुसायला असतो तर याला का नसेल?

त्या टेकड्या मॅडमनी मोठ्या कागदावर छापून भिंतीवर लावल्या. आता मी माझ्या ऑफिसात, माझ्या टेबलासमोर, माझ्या साडूच्या पायाचं चित्र बघत दिवस काढायचा.

शेवटी मी पाय प्रत्यक्षच बघायचं ठरवलं. दाढ दुखतेय अशी थाप मारून डॉक्टरच्या दवाखान्यात गेलो. डॉक्टरने आरसा घालून तोंडात डोकावलं आणि म्हणाला, “वेळेवर आलास. चांगलीच किडलीये.”

थाप मारायला गेलो आणि खरी निघाली. माझं हे असं आहे. माझ्या थापासुद्धा डॉक्टर खऱ्या करून देतो.

खुर्ची मागे झुकली, तोंडात कापूस भरला. मी मान वाकडी करून खाली बघायला लागलो. आणि तेव्हा ते दिसलं. ड्रिल चालवायला दातांच्या डॉक्टरच्या पायाखाली पेडल असतं! पाय दाबला की सुई फिरते, जास्त दाबला की जास्त जोरात. म्हणजे हा गृहस्थ सकाळी नऊपासून उजव्या पायाने रेघा काढत बसलेला असतो. मी संगणकावर काढतो, हा माणसांच्या दातांवर.

“मान सरळ. खाली काय बघतोस?”

“आय,” मी म्हणालो. मला ‘पाय’ म्हणायचं होतं, कापूस होता.

“आई घरी आहेत. बरं, दुखलं तर हात वर कर. पण गरज पडणार नाही. मी भुवया बघत असतो. दुखायच्या आधी भुवई हलते, तेव्हाच पाय उचलायचा. ओरडल्यावर उचलण्यात काय अर्थ आहे? तोवर पेशंट घाबरला, मी थांबलो, पुन्हा सुरू करा. दुप्पट वेळ, दुप्पट ताप.”

त्याच्या पायात मऊ कापडी बूट होता. तो नाजूकपणे खाली गेला, वर आला. माझ्या भुवया मला न विचारता त्याच्याशी बोलत होत्या.

“गाडीतही मी तेच करतो,” तो सांगत होता. “शेजारी बाबा असतात ना? त्यांचा पाय बघतो. त्यांना पुढचं सगळं माझ्याआधी दिसतं. तीस वर्षांचा सराव. त्यांचा पाय नुसता सळसळला की मी ॲक्सिलरेटर सोडतो. मग ब्रेक लागतच नाही, आणि ब्रेक लागला नाही की कमावलेला वेग तसाच राहतो. असे दोन-तीन रविवार गेले आणि मला न बघताच जमायला लागलं. मग बाबांना कामच उरलं नाही. ते झोपले. थुंक आता.”

मी थुंकलो. मनापासून थुंकलो.

म्हणजे बघा. गुपित माझ्या गाडीतच होतं. शेजारच्या सीटवर होतं, मॅटला भोक पाडत होतं, आणि मी नवीन मॅट आणत होतो. दुसऱ्या कुणालाही यातून एवढं कळलं असतं की आपण जरा सबुरीने गाडी चालवावी. पण मी इंजिनिअर आहे. मला कळलं ते असं की सासऱ्यांच्या पायाखाली सेन्सर लावला पाहिजे.

सीटवाल्यांच्या इमारतीतून मी एक चपटी चकती मागून आणली. सीटवर माणूस बसलाय की पिशवी ठेवलीये हे ओळखायला ती गादीखाली घालतात. ती मी मॅटखाली बसवली. पहिल्या रविवारी फक्त आवाज जोडला. सासऱ्यांनी पाय दाबला की ‘टिंग’ व्हायचं आणि मी ॲक्सिलरेटर सोडायचा, असा बेत. घाटात इतक्या टिंग झाल्या की बायको मागून म्हणाली, “ही गाडी आपलं बिल करतेय का?” आणि टिंग ऐकून मी पाय उचलेपर्यंत उशीर व्हायचा, मग ब्रेक, मग अजून टिंग. त्या दिवशी लिटरला बारा मिळाले. डॉक्टर संत्रं सोलत होता.

मग मी अक्कल पाजळली. मध्ये माझा पाय कशाला हवा? चकती थेट इंजिनाला जोडून टाकली. माझी रेघ मी उभी चढवली, होईल तेवढी उभी, गाडी नुसती उसळायला बघेल अशी. आणि सासऱ्यांनी मॅट दाबला की, माझा पाय कुठेही असो, इंजिनाने हळूच हात आखडता घ्यायचा. कुणाला काही सांगितलं नाही. हिशोब सोपा होता. सासऱ्यांना धोका दिसायच्या आत गाडी आपोआप शांत होईल, त्यांना काम उरणार नाही, आणि ते झोपतील. माझ्या गाडीत. तोंड किंचित उघडं टाकून.

पुढच्या रविवारी मी आग्रहाने सांगितलं, “बाबा, आज माझ्याकडे बसा.”

“बरं,” सासरे म्हणाले, आणि डॉक्टरच्या गाडीकडे एकदा बघून घेतलं. गादीकडे बघावं तसं.

घाटाच्या पहिल्याच वळणाआधी त्यांचा पाय मॅटवर गेला. गाडी अलगद मंदावली. सासऱ्यांनी खाली पायाकडे बघितलं. मग समोर बघितलं. मग पाय उचलला, गाडी सुसाट सुटली. पुन्हा टेकवला, मंदावली. पुन्हा उचलला.

“जावईबापू,” ते दबक्या आवाजात म्हणाले, “ही गाडी ऐकते.”

“कुणाचं बाबा?”

“माझं.”

आणि सासरे सीटवर ताठ बसले. मी त्यांना इतकं ताठ फक्त माझ्या लग्नातल्या फोटोत बघितलं आहे. त्यांनी चपला काढल्या, पण झोपायला नव्हे, पायाला नीट कळावं म्हणून. सीट दोन खाचा पुढे घेतली. चष्मा पुसला.

त्यानंतर जे झालं त्याला गाडी चालवणं म्हणतात हे मला प्रथमच कळलं. मी पेडल तळाला लावून नुसता बसलो होतो. उरलेलं सगळं सासरे करत होते. वळण दिसायच्या आधी त्यांचा पाय टेकायचा, वळणाच्या पोटातून बाहेर पडता पडता उचलायचा, आणि खारूताई टर्बोची शिट्टी मारत पुढच्या चढावर झेपावायची. ब्रेकला हात, म्हणजे पाय, लागला नाही. सासूबाईंनी हँडल सोडून पर्समधून रुमाल काढला आणि शांतपणे घडी घालत बसल्या. मध्येच आम्ही डॉक्टरच्या गाडीला मागे टाकलं. काच खाली करून डॉक्टरने अंगठा दाखवला. मनापासून दाखवला. त्या माणसाला साधं जळताही येत नाही.

मावशीच्या दारात आम्ही आधी पोचलो. पडद्यावर लिटरला बावीस. सासूबाई उतरून मावशीला म्हणाल्या, “आज ह्यांनी आणलं आम्हाला.” ह्यांनी म्हणजे सासऱ्यांनी.

डॉक्टर आला, पडदा बघितला, माझी पाठ थोपटली. “इंजिनिअर, जिंकलास रे बाबा! बावीस! आणि काय पळत होती!” मग त्याने मला संत्रं सोलून दिलं.

मी परतीची वाट बघत होतो. जेवणं झालेली असतात, ऊन असतं, घाट उतरून पुढे लांबलचक सरळ रस्ता असतो. झोपायला त्याहून चांगली जागा जगात नाही. मी आधीच जाऊन एसी जरा सौम्य केला, रेडिओ बंद केला, उशीसारखी एक शाल सीटवर ठेवली.

सासरे बाहेर आले. मी दार उघडून उभा. ते माझ्या शेजारून पुढे गेले आणि डॉक्टरच्या गाडीपाशी थांबले.

“बाबा,” मी म्हणालो, “इकडे.”

“नको हो. जाताना डॉक्टरकडे बसतो. दमलोय, जरा डोळा लागेल.”

“माझ्याकडेही लागेल बाबा. शाल ठेवलीये.”

सासरे माझ्याकडे असं बघायला लागले, जसं ते पूर्वी क्लचवरून पाय काढणाऱ्या मुलाकडे बघत असतील. “तुमच्या गाडीत कसा झोपू? गाडी कोण बघणार?”

आणि बसले. घाट उतरायच्या आत, मी मागूनच होतो, डॉक्टरच्या गाडीच्या मागच्या काचेतून मला त्यांचं डोकं हळूहळू कलताना दिसलं. माझ्या शेजारच्या सीटवर शाल होती. त्या परतीच्या प्रवासात मी लिटरला अकरा काढले.

आता दर रविवारी असंच चालतं. जाताना सासरे माझ्या गाडीत ड्यूटीवर, येताना डॉक्टरच्या गाडीत डुलकी. ड्यूटीला ते हल्ली लेसवाले बूट घालून येतात. शेजाऱ्यांना सांगतात, “धाकट्या जावयाची गाडी मीच चालवतो, तो नुसतं स्टीअरिंग धरतो.” मी एकदा गुपचूप चकती काढून ठेवली. पहिल्याच वळणावर त्यांनी मॅट दोनदा दाबला आणि म्हणाले, “जावईबापू, बिघाड आहे. बाजूला घ्या.” मावशीच्या दारात पोचेपर्यंत मॅट दाबत राहिले. परत बसवावी लागली.

मॅडमना मी नवीन नोंद दाखवली. त्या बराच वेळ बघत राहिल्या. “डॉक्टरपेक्षाही सुंदर आहे,” त्या म्हणाल्या. “हा पाय कोणाचा?”

“दोघांचा आहे मॅडम. जोर माझा, बचत सासऱ्यांची.”

“म्हणजे प्रत्येक गाडीबरोबर एक सासरा द्यायचा? आणि ज्यांची लग्नं झाली नाहीत त्यांनी काय करायचं?” त्यांनी तो कागद गुंडाळून मला परत दिला. भिंतीवर डॉक्टरच्याच टेकड्या आहेत.

डॉक्टरला मी परवा विचारलं, सासरे झोपल्यावर कसं वाटतं. तो म्हणाला, “काय वाटायचंय? जरा घोरतात.” ज्याच्याकडे आहे त्याला किंमत नाही. पोटाच्या डाव्या बाजूला मला पुन्हा जाणवलं, आणि तेव्हा मी जेवतही नव्हतो.

सबब माननीय सासरे यांना नम्र विनंती करण्यात येते की, अर्जदार हा आपला रीतसर धाकटा जावई असून त्याने वेग व इंधनबचत या दोन्ही बाबतींत थोरल्या जावयास मागे टाकल्याचे सासूबाईंच्या समक्ष सिद्ध झालेले आहे. तरी येत्या कोणत्याही रविवारी, परतीच्या प्रवासात, घाट उतरल्यानंतरच्या सरळ रस्त्यावर, अर्जदाराच्या गाडीत शेजारच्या सीटवर एक डुलकी मंजूर करण्यात यावी. मान कलल्यास व तोंड उघडे राहिल्यास अर्जदाराची हरकत राहणार नाही. डुलकीच्या काळात गाडीची सर्व जबाबदारी अर्जदार स्वतः घेईल. पूर्ण डुलकी मंजूर करणे शक्य नसल्यास, तात्पुरत्या स्वरूपात, एक जांभई तरी देण्यात यावी, ही विनंती.